मोट, फड आणि ठिबक

पिकाला पाणी कोणत्या पद्धतीने द्यावं, हा प्रश्न आमच्या आजोबांना कधी पडला नाही. विहीर होती, मोट होती, बैलजोडी होती. निवडायला दुसरं काही नव्हतंच. आज माझ्याकडे गावातली तरुण पोरं येतात आणि विचारतात, काका, ठिबक करू का तुषार करू, का पाटानेच भरू? त्यांना पाच मिनिटांत उत्तर देता येत नाही. कारण पाणी द्यायची पद्धत बदलली की पीक बदलतं, कर्ज बदलतं, भावाभावांचं बोलणं बदलतं. खानदेशात हे गेल्या साठ वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि त्याआधीचं मी मोठ्या माणसांकडून ऐकलं. ते जसं झालं तसं लिहितो.

आमचं गाव यावल तालुक्यातलं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधे आम्ही. मोटेचे शेवटचे दिवस मी लहानपणी पाहिलेले आहेत. विहिरीच्या काठाला लाकडी चाक, त्यावरून नाडा, खालच्या चाकावरून सोंदूर आणि दोन्हींच्या टोकाला कातड्याची मोट. बैल उताराच्या धावेवरून खाली गेले की मोट वर यायची आणि थारोळ्यात बदकन रिकामी व्हायची. मग बैलांना मागे मागे चालवत पुन्हा वर आणायचं. एका मोटेत साधारण दीडशे-दोनशे लिटर पाणी. पहाटे चांदणी असताना मोट जुंपली तरी दुपारपर्यंत बैलांच्या तोंडाला फेस यायचा. दिवसभरात अर्धा एकरसुद्धा धड भिजत नसे. म्हणून विहिरीखाली थोडा गहू, थोडा कांदा, जनावरांना घास आणि घरापुरता भाजीपाला. बाकी सगळी जमीन पावसावर. कापूस, ज्वारी, तूर जे येईल ते.

मोट चांगली होती असं मी म्हणणार नाही. आजकाल शहरातली माणसं मोटेचे फोटो भिंतीला लावतात. मोट हाकणाऱ्याच्या कमरेची आणि बैलाच्या खांद्याची त्यांना कल्पना नसते. पण एक खरं, बैल थकला की उपसा थांबायचा. रात्रीत विहीर पुन्हा भरायची. विहिरीतून किती काढायचं हे बैल ठरवत होता, माणूस नाही.

हा हिशेब ऑईल इंजिनने मोडला. इंजिन फटफट करत रात्रभर चालायचं, त्याला फक्त तेल पाहिजे. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झालं आणि हळूहळू तारा शेतापर्यंत आल्या. १९७२ च्या दुष्काळाने तर लोकांना असा धडा दिला की ज्याच्या विहिरीला पाणी आणि मोटर, तोच वाचतो. त्यानंतर आमच्या भागात विहिरी खोल करायची आणि मोटरी बसवायची चढाओढ लागली. पुढे विजेचा आकार मोटरच्या हॉर्सपॉवरवर घेऊ लागले. म्हणजे दोन तास चालवा की वीस तास, बिल तेच. मग मोटर बंद करायला कोण धावत जाईल?

पण खानदेशात सगळीकडेच असं एकट्यादुकट्याने पाणी काढायची रीत होती असं नाही. माझं आजोळ धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तिकडे जायचो आणि तिकडची तऱ्हा बघून मला नवल वाटायचं. मामांच्या मळ्यात पाणी चालू असायचं आणि मामा ओट्यावर पान खात बसलेले. त्यांच्या शेताला पाणी भलताच माणूस देत होता. आमच्याकडे वडील रात्रभर फावडं घेऊन पाटावर आणि इथं मामा आरामात. मी विचारलं तर म्हणाले, "भाचा, आमनं पानी फडनं शे."

फड म्हटलं की वाचकांना तमाशाचा किंवा कुस्तीचा फड आठवेल. पांझरेकाठी फड म्हणजे जमिनीचा मोठा तुकडा, ज्यात पुष्कळ शेतकऱ्यांची वावरं लागून लागून असतात. पांझरा, मोसम, आरम या तापी-गिरणेला मिळणाऱ्या नद्यांवर ही पद्धत तीनशे-चारशे वर्षांपासून चालत आलेली. नदीत दगडचुन्याचा बंधारा. त्याने पाणी साठवायचं नाही, फक्त अडवून वळवायचं. बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात जाणारे सारंग आणि उरलेलं पाणी परत नदीत सोडणारा सांडम. सगळं पाणी उतारावरून आपल्या पायाने चालतं. इंजिन नाही, बैल नाही.

बंधाऱ्याखालच्या जमिनीचे गावाच्या मगदुराप्रमाणे तीन-चार फड पाडलेले असत. एका फडात एका हंगामाला एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, पलीकडच्या फडात भुसार, एखादा पडीक. पुढच्या वर्षी पिकं फिरायची. कोणत्या फडात काय हे गावातले शेतकरी मिळून ठरवत आणि ठरलं की सगळ्यांना तेच. माझ्या मनात कांदा आला म्हणून गव्हाच्या फडात कांदा लावता येत नाही. पण त्यात सोय अशी की बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची. पाणी कमी आलं तर एक फड सोडून द्यायचे. सोडला तर सगळ्यांचाच सुटायचा, आणि मिळालं तर सगळ्यांनाच थोडं थोडं मिळायचं. पाणी सगळीकडे विखुरलं जात नाही, एकाच लागून असलेल्या तुकड्यात फिरतं, त्यामुळे चाऱ्यांत जिरून वाया जाणंही कमी. एका पिकाला एकाच वेळी पाणी लागतं म्हणून भांडणालाही कारण कमी.

हे चालवायला माणसं नेमलेली असत. पाटकरी बंधारा आणि कालवा बघायचा. हवालदार सगळ्यांवर. बारेकरी शेतात पाणी द्यायचा. आमच्याकडे पाणी देण्याला 'बारं देणं' म्हणतात, त्यावरूनच हा बारेकरी. जागल्या उभ्या पिकाची राखण करायचा. त्यांना मोबदला धान्यात, ज्याचं जेवढं क्षेत्र तेवढं माप. मालकाने स्वतः पाणी फिरवायचंच नाही हा यातला खरा खिळा. पाणी देणाऱ्याचं स्वतःचं शेत त्या पाण्यावर तहानलेलं असेल तर बांध कुठे फुटेल हे सांगायला नको. बारेकऱ्याला सगळे सारखे. हंगामाआधी कालव्यातला गाळ काढायला घरटी माणूस द्यावाच लागे, त्यात श्रीमंत-गरीब नाही. माझे मामा तसे फार बोलणारे नव्हते, पण एकदा म्हणाले होते, "पानी आपलं नही शे, पायी आपली शे." पायी म्हणजे पाळी. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले. तेव्हा ते विशीतले होते आणि सुरुवातीच्या दिवसांत त्यांची नेमणूक खानदेशात, धुळ्याच्या बाजूला होती. पांझरेच्या पाण्याचं सायफनचं काम त्यांनी केलं. पुढे याच माणसाने नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. कालव्याखालची जमीन ठराविक तुकड्यांत बांधून घ्यायची, पिकांची फेरपालट ठरवायची आणि पाणी त्या तुकड्यापुरतं द्यायचं. फड डोळ्यांसमोर ठेवून ही गोष्ट वाचा, मग ओळख पटते. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात ती ब्लॉक पद्धत झाली. आमच्या बारेकऱ्याचं नाव पुस्तकात नाही.

फड हा स्वर्ग होता असंही नाही. बंधाऱ्याखाली ज्यांची जमीन नव्हती त्यांना त्यातलं थेंबभर मिळत नव्हतं आणि बारेकरी, जागल्या बहुतेक त्यांच्यातलेच. पण ज्यांच्यात पाणी वाटायचं होतं त्यांच्यात ते नीट वाटलं जाई. मग काय झालं? नदीवर वरच्या बाजूला धरणं झाली. बंधाऱ्यांची मालकी सरकारकडे गेली, गावाला वाटू लागलं की गाळ काढणं आता सरकारचं काम. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कालव्याच्या कडेला विहिरी झाल्या. कालव्याचं जिरलेलं पाणी विहिरीत येतं, ते मोटरीने उपसायचं आणि हवं ते पीक हवं तेव्हा घ्यायचं. ज्याला विहीर झाली त्याला पंचांची गरज राहिली नाही. तो बैठकीला येईना. गाळ काढायला माणूस पाठवीना. काही गावांत फड अजून थोडाफार चालतो, पण मामांच्या गावात आता बारेकरी कोणाला म्हणतात हे पोरांना सांगावं लागतं.

कालव्याचंही थोडं सांगतो. १९६९ मध्ये गिरणा धरण झालं, साडेएकवीस टीएमसीचं. चाळीसगाव, भडगाव, पाचोरा या बाजूला त्याचं पाणी जामद्याच्या जुन्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी फिरतं. धरण भरलं त्या वर्षी रब्बीला आवर्तनं मिळतात. दोन आवर्तनांच्या मधे तीन-चार आठवडे जातात. गहू, हरभरा त्यात बसतो, केळी बसत नाही. केळीला आठवड्याभराच्या वर ताण दिला तर घड बारीक पडतो. म्हणून आमच्या जिल्ह्यात नकाशा असा झाला की कालव्याखाली गहू-हरभरा-कापूस आणि विहिरीखाली केळी. पद्धत निवडताना लोक नळीची किंमत विचारतात. मी आधी विचारतो, तुला पाणी किती दिवसांनी मिळतं? कालव्यावर ठिबक लावायचं तर मधे शेततळं पाहिजे. शेततळ्याला अर्धा-पाऊण एकर जमीन आणि प्लास्टिकचा कागद पाहिजे. तो खर्च धरल्याशिवाय ठिबकचा हिशेब पुरा होत नाही.

आता केळी. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळी माझ्या जन्माआधीपासून आहे. जूनमधली ती मृगबाग, पावसाळा सरल्यावरची ती कांदेबाग आणि कापलेल्या झाडाच्या पिलावर घेतलेली ती पिलबाग. बसराई जातीची केळी दीड-दीड वर्ष शेतात उभी राहायची आणि तिला पाटाने पाणी. पाट भरून चालला की बघायला छान वाटतं, पण हिशेब करा. एका एकरावर एक इंच पाणी उभं करायचं म्हणजे एक लाख लिटर. सरीने भरताना तीन इंच तर लागतंच. म्हणजे एका पाळीला एकरी तीन लाख लिटर आणि मातीच्या पाटात जिरलं ते वेगळं. उन्हाळ्यात ही पाळी आठवड्याला.

इस्रायलमध्ये सिम्का ब्लास नावाच्या इंजिनिअरने ठिबकचा शोध लावला आणि १९६५ मध्ये हात्झेरिम या सामुदायिक वस्तीतल्या लोकांनी त्याचा कारखाना काढला. आमच्याकडे ती गोष्ट यायला वीस-पंचवीस वर्षं गेली. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन १९६३ मध्ये रॉकेल विकून धंद्यात उतरले होते. १९८० नंतर त्यांनी जळगावात पीव्हीसी पाईप काढले आणि त्या दशकाच्या शेवटी ठिबक आणलं. पुढे टिश्यू कल्चरची ग्रँड नैन केळी आली. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी १७४२ झाडं आणि अकरा-बारा महिन्यांत कापणी. खत पाण्यातून. घडाची रास वाढली, दर्जा वाढला. आमच्या भागात सिमेंटची घरं उभी राहिली ती या केळीवर. हे नाकबूल करणारा माणूस खोटं बोलतो.

ठिबकचा हिशेबही सांगतो. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला सोळा लिटर धरा. एकराला अठ्ठावीस हजार लिटर, आठवड्याला दोन लाखांच्या जरा आत. पाटाचे तीन लाख आणि ठिबकचे दोन लाख. एक तृतीयांश वाचलं, पाटातलं जिरणं धरलं तर आणखी. मग हे वाचलेलं पाणी कुठे गेलं? विहिरीत राहिलं का? तीन एकर भिजवणारी विहीर ठिबकने साडेचार एकर भिजवू लागली, आणि शेतकऱ्याने साडेचार एकर केळी लावली. कोणीही लावेल. घरात मुलीचं लग्न आहे, सोसायटीचं कर्ज आहे, समोर पाणी आहे, जमीन मोकळी आहे. ठिबकने झाडाचं पाणी वाचलं, गावाचं वाचलं नाही. रावेर आणि यावल हे दोन्ही तालुके भूजलाचा अति उपसा झालेल्या यादीत आहेत, आणि ठिबक सर्वांत जास्त असलेल्या तालुक्यांत हेच दोन येतील.

आमच्या घरातली गोष्ट सांगितल्याशिवाय हे नीट कळणार नाही. वडील आणि दोन काका मिळून एक विहीर. जमीन वाटली, विहीर सामाईक राहिली. पाळी होती दोन-दोन दिवसांची. सहा दिवसांनी आपली पाळी परत. पाटाच्या पाण्याला ती अगदी बरोबर बसत होती, कारण केळीलाही पाणी तसंच लागायचं. कुरबुरी व्हायच्या, लाईन गेली तर ते तास कोणाचे यावर आवाज चढायचे. आजी मधे पडायची आणि मिटायचं. मग तिन्ही घरांत ठिबक आलं. ठिबकला रोज पाणी लागतं, रोज दोन-तीन तास. चार दिवस बंद ठेवून मग दोन दिवस सलग चालवलं तर ठिबकचा उपयोगच नाही. काळ्या जमिनीला भेगा पडतात, मुळं तुटतात, खताचं वेळापत्रक कोलमडतं. रोजच्या आठ तासांच्या लाईनमध्ये तीन घरांना तीन-तीन तास बसत नव्हते. एका वर्षात तिघांच्या तीन ट्यूबवेल झाल्या. सामाईक विहिरीवर कोणी जाईना. पाच-सहा वर्षांत ती कोरडी पडली. तिन्ही ट्यूबवेल तिच्याच झऱ्यांच्या खाली गेल्या होत्या. माझ्या लहानपणी पन्नास फुटांवर पोहायला पाणी होतं. आता साडेचारशे फुटांखाली मोटर सोडलेली आहे.

म्हणून पोरांनी विचारलं की मी त्यांना मे महिन्यातलं पाणी मोजायला सांगतो. नोव्हेंबरमध्ये सगळ्यांच्याच विहिरी श्रीमंत असतात. अक्षय्य तृतीयेनंतर मोटर सलग किती तास धार देते ते घड्याळ लावून बघा, दोनशे लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते बघा, आणि त्याला झाडामागे सोळा लिटरने भागा. जेवढी झाडं येतील तेवढीच केळी. बाकी जमिनीला कापूस. मे महिन्यात ठिबकवर लावलेला पूर्वहंगामी कापूस आमच्याकडे चांगला येतो, आणि पाऊस सुरू झाला की त्याला आपलं पाणी थोडंच लागतं. गव्हाला मी ठिबक सांगत नाही. नळ्या फार लागतात, परवडत नाही. हरभरा, भुईमूग, कांदा याला तुषार उत्तम, पण उन्हाळी वाऱ्यात तुषार लावू नये, अर्धं पाणी शेजाऱ्याच्या बांधावर जातं. पाणी खारं असेल तर पानांवर पांढरे डाग पडून पानं करपतात. ठिबकलाही खाऱ्या पाण्याने छिद्रं बुजतात, वर्षातून एक-दोनदा ॲसिड सोडावं लागतं. फिल्टर रोज धुवावा लागतो आणि उंदीर-खारी नळ्या कुरतडतात त्या वेगळ्या. हे दुकानदार सांगत नाही. एकदा एका दुकानदाराने अनुदानाच्या फाईलमध्ये चांगली नळी लिहून शेतात हलकी अंथरली होती, दोन उन्हाळ्यांत ती पापडासारखी तडकली. म्हणून नळीवरचा छाप स्वतः वाचावा.

आणि रात्रीचं बारं. पाटाने पाणी देताना रात्री दोनला फावडं घेऊन शेतात उभं राहावं लागतं. आमच्या पंचक्रोशीत साप चावून आणि स्टार्टरचा शॉक बसून किती माणसं गेली, ती नावं मी इथे लिहीत नाही. ठिबकने सर्वांत मोठा उपकार कोणता केला म्हणाल तर हा. पाणी वाचलं की नाही यावर वाद घाला, रात्री सुनेचा जीव दाराशी टांगलेला असतो तो कमी झाला. आता सौर पंप आले, दिवसा पाणी देता येतं. पण सूर्याचं बिल येत नाही, म्हणून दिवसभर उपसा चालू ठेवणारेही मी बघतो आहे.

२०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी महापुनर्भरण योजनेचा करार झाला. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा जो पट्टा आहे त्यात पाणी पटकन मुरतं, तिथे तापीचं पावसाळी पाणी सोडायचं अशी ती कल्पना आहे. कितीतरी वर्षं आम्ही ती ऐकतो आहोत. पाणी आलं तर आनंदच. पण भरलेलं कोण किती उपसणार हे त्या करारात नाही, ते गावातच बसून ठरवावं लागेल. कालव्यांसाठी २००५ चा कायदा आहे, त्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था करता येतात आणि मोजून पाणी घेता येतं. जमिनीखालच्या पाण्याला असा पाटकरी अजून कोणी नेमलेला नाही.

आमच्या घरात मात्र दोन वर्षांपूर्वी थोडं काही झालं. तीनपैकी दोन ट्यूबवेल आटल्या. धाकट्या काकांचीच तेवढी चालू राहिली. चुलतभाऊ, मी आणि माझा मुलगा असे बसलो. एक सिमेंटची टाकी बांधली, तिच्यातून तिन्ही घरांच्या ठिबकला व्हॉल्व्ह काढले. व्हॉल्व्ह फिरवायला एक माणूस ठेवला, त्याची स्वतःची जमीन नाही. तिघे मिळून त्याचा पगार देतो, आणि व्हॉल्व्हला आमच्यापैकी कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. स्टार्टरच्या पेटीत एक वही आहे, तीत तो तास लिहितो. गेल्या उन्हाळ्यात ड्रम भरायला आधीपेक्षा चाळीस सेकंद जास्त लागले. म्हणून या मृगात तिन्ही घरांनी मिळून हजार झाडं कमी लावायची का दीड हजार, यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही. चुलतभाऊ हजारावर अडला आहे.